पे-पार्किंग आलं तर गिऱ्हाईक पळेल का? आधी वही घेऊन रस्त्यावर उभे राहा

प्रश्न असा आहे: "गोव्यातल्या एका पालिका क्षेत्रात, बाजारातल्या मुख्य रस्त्यावर माझं कपड्यांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. पालिका या रस्त्यावर पे-पार्किंग सुरू करणार आहे, हरकती मागवल्या आहेत. व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक मॉलकडे वळेल. मागच्या गल्लीतले लोक म्हणतात, आपल्याच दारात गाडी लावायला रोज पैसे का मोजायचे? विरोध करावा का, आणि करायचा तर नेमका कशाला?"

शहराचं नाव त्यांनी कळवलं आहे, पण ते इथे देत नाही. दिलं तर चर्चा पार्किंगवरून नगरसेवकांवर जाईल. मी पालिकांच्या रस्ते-वाहतुकीच्या कामात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी गोव्यात. त्यावर विसंबून सांगतो: शुल्काला विरोध करू नका. शुल्काची वसुली ज्या पद्धतीनं पावणीत, म्हणजे लिलावात, काढली जाते, तिला जरूर करा. आणि मागच्या गल्लीतल्या लोकांचा प्रश्न आधी सोडवून घ्या, तुमचा नंतर.

आधी धंद्याचं बोलू. तुमच्या रस्त्यासारख्याच एका बाजाररस्त्याची मोजणी मी काही वर्षांपूर्वी केली होती. पद्धत अगदी साधी. वहीत प्रत्येक जागेसाठी एक ओळ आखायची आणि सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाला फेरी मारून तिथं उभ्या असलेल्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे टिपायचे. पूर्ण नंबर लिहायला वेळ पुरत नाही आणि त्याची गरजही नसते. दुपारी एकला दुकानं बंद झाली की आपणही जेवायला जायचं, साडेतीनला परत उभं राहायचं. त्या रस्त्यावर एक कापडाचे व्यापारी होते. मला बघितल्याबरोबर बाहेर आले आणि म्हणाले, "लिहा, लिहा. माझ्या गिऱ्हाइकाला गाडी लावायला एक जागा मिळत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा." मी लिहिलं. संध्याकाळी वही उघडून बसलो तेव्हा दिसलं की त्यांच्या दुकानासमोरच्या तीन जागांपैकी एकीत पांढरी व्हॅन सकाळी सव्वानऊपासून साडेसातपर्यंत हललीच नव्हती. काचेवर वरच्या झाडाची पिवळी फुलं आणि पानं साचली होती. दुसऱ्या जागेत चार स्कूटर, त्याही दिवसभर. व्हॅन त्यांची स्वतःची होती, स्कूटर त्यांच्या आणि शेजारच्या दुकानातल्या कामगारांच्या. गिऱ्हाइकाची जागा कुणी अडवली होती, ते वेगळं सांगायला नको. मी त्यांना वही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पण गाडी ठेवू कुठे?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

आता त्या एका जागेचा हिशेब करू. आपल्या बाजाराचे खरे तास आठ. सकाळी नऊ ते एक, दुपारी साडेतीन ते साडेसात. कपडे, भांडी, औषधं, बँकेचं काम अशा कामांना आलेला माणूस सरासरी चाळीस मिनिटं थांबतो असं धरलं, तर एका जागेवर दिवसात बारा गाड्या येऊन जाऊ शकतात. दिवसभर एकच गाडी उभी राहिली तर एकच. तुमच्या रस्त्यावर चारचाकीच्या वीस जागा असतील आणि त्या साऱ्या दिवसभराच्या गाड्यांनी भरल्या असतील, तर फुकट पार्किंगचा फायदा वीस जणांना. तीच जागा फिरती राहिली आणि तीस टक्के वेळ रिकामी गेली, तरी दीडशेच्या वर गाड्या येतात. पे-पार्किंगचा धंद्याशी खरा संबंध एवढाच. वीस रुपयांसाठी गिऱ्हाईक पळत नाही. तीन फेऱ्या मारून जागा मिळाली नाही की ते पळतं, आणि तेव्हा ते तुम्हाला सांगायलाही येत नाही.

जगात यावर सगळ्यात जास्त काम केलं ते कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. त्यांचं सूत्र व्यवहारी आहे: दर इतकाच ठेवा की प्रत्येक भागात एक-दोन जागा रिकाम्या राहतील, म्हणजे सुमारे 85 टक्के भरलेलं. जास्त भरलं तर दर वाढवा, रस्ता ओस पडला तर उतरवा. सॅन फ्रान्सिस्कोनं 2011 पासून हे रस्त्यारस्त्याचा दर मागणीप्रमाणे बदलून करून पाहिलं. काही रस्त्यांवर दर वाढले आणि बऱ्याच ठिकाणी चक्क उतरले. आपल्याकडे उतरलेला दर मी आजवर पाहिलेला नाही. हरकतीत हे वाक्य लिहा: सहा महिन्यांनी मोजणी करून दर कमी करण्याची तरतूद ठरावातच हवी.

शिवाय दुपारी एक ते साडेतीन शुल्क नको. गोव्यात ज्या वेळी बाजार झोपलेला असतो त्या वेळी रस्त्यावर पैसे मागण्यात काही अर्थ नाही. बाहेरच्या शहरातलं वेळापत्रक आणून चिकटवलं की असं होतं. सकाळी आठ ते रात्री आठ सलग वसुली मी प्रस्तावांत पाहिली आहे. बहुधा कुणीतरी कुठल्या तरी महानगराचा नमुना उतरवून घेतलेला असतो. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळी नऊच्या आत मोकळीक हवी. आठवड्याच्या बाजाराचा दिवस आणि चतुर्थीआधीचे माटोळी बाजाराचे दिवस (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-फुलांच्या माटोळीचं सामान तेव्हा विकायला येतं) वेगळे धरायला हवेत. त्या दिवसांत रस्त्याचा अर्धा भाग नारळ, सुपाऱ्या, कांगलांसारखी रानफळं विकणाऱ्यांचा असतो आणि तसाच तो असायला हवा.

आता पावणी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसा आणि भानगड दोन्ही इथेच आहेत.

पालिका स्वतः वसुली करत नाही. माणसं नाहीत, म्हणून कंत्राट देते आणि कंत्राट जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला जातं. समजा रस्त्यावर चारचाकीच्या 60 जागा आहेत आणि तासाला 20 रुपये दर आहे. दिवसाचे आठ तास, सरासरी सत्तर टक्के भरलेलं. रोजचे 6,720 रुपये झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वर्षाला सुमारे 21 लाख. चार माणसं प्रत्येकी 15,000 पगारावर ठेवली तर त्यातले सव्वासात लाख गेले. यंत्रं, पावत्या, कर, पावसाळ्यातले मंद महिने हे सगळं धरून प्रामाणिक कंत्राटदार फार तर दहा-अकरा लाखांची बोली लावू शकेल. आता पावणीत कुणी बावीस लाख म्हणाला. पालिकेत टाळ्या वाजतात, उत्पन्न वाढलं म्हणून बातमी येते. पण वरचे अकरा लाख तो कुठून काढणार? उत्तर रस्त्यावर दिसतं. पावती न देता पैसे घेतले जातात. अर्ध्या तासाला तासाचे घेतात. पिवळ्या पट्ट्याच्या पुढच्या गल्लीतही माणूस उभा करतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवसभर उभी राहणारी गाडी त्यांना आवडू लागते, कारण एकदाच महिन्याचे पैसे घेतले की काम संपतं. जागा फिरती ठेवण्यासाठी आणलेली योजना जागा अडवून ठेवणाऱ्यांना भाड्यानं देण्याची योजना होते.

मला स्वतःला एका संध्याकाळी एका शहरात चाळीस रुपये मागितले. पावती मागितली तेव्हा खिशातून चुरगळलेला, तारीख नसलेला कागद निघाला. मी तारीख लिहून द्या म्हटलं. तो पोरगा कळवळून म्हणाला, "साहेब, मला दिवसाचा आकडा दिलाय, तो भरला नाही तर माझ्या पगारातून कापतात." त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. आकडा त्यानं ठरवला नव्हता.

सोपोचा, म्हणजे बाजारात बसण्याबद्दल पालिका घेते त्या शुल्काचा, अनुभव बाजारात बसणाऱ्या कुठल्याही भाजीवालीला विचारा, ती हेच सांगेल. फरक इतकाच की ती बोलते तेव्हा ऐकणारा कुणी नसतो.

म्हणून हरकतीत मागणी अशी करा: वसुलीचं कंत्राट बोलीवर नको, ठरलेल्या सेवाशुल्कावर द्या. म्हणजे सगळे पैसे पालिकेच्या खात्यात जातील आणि कंत्राटदाराला माणसांचे व यंत्रांचे ठरलेले पैसे मिळतील. यूपीआयनं पैसे घेतले की ते थेट पालिकेच्या खात्यात पडतात, मग आकडा लपत नाही. कंत्राटदार नको म्हणेल. त्याचं नको म्हणणं हाच तुमच्या हरकतीला पुरावा आहे.

दुसरी मागणी पैशाच्या वापराची. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडेना नावाच्या शहरात जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये मीटर बसवायचे होते, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हटलं होतं की गिऱ्हाईक जाईल. नगरपालिकेनं कबूल केलं की मीटरचा पैसा त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर, सफाईवर खर्च होईल, आणि विरोध मावळला. तुमच्या रस्त्याचे पैसे पालिकेच्या पगारात विरघळले तर दुकानदाराला त्यातून काय मिळालं? किमान अर्धा वाटा त्याच रस्त्याच्या गटारांना, पदपथाला आणि एका स्वच्छ शौचालयाला जावा, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी आश्वासन घेऊ नका.

आता ज्या गल्लीतल्या लोकांची चिंता तुम्ही सांगितली, तिच्याकडे. ही चिंता मला व्यापाऱ्यांच्या चिंतेपेक्षा जास्त खरी वाटते. मुख्य रस्त्यावर शुल्क लागलं की फुकटवाले सगळे पहिल्या वळणावर आत शिरतात. पणजीतल्या माळा किंवा फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांत फिरून बघा. घरं दोनशे वर्षांची असोत की साठ वर्षांची, गॅरेज फारच थोड्यांना आहे. दार उघडलं की रस्ता. मांडवीतल्या कॅसिनोंमुळे आणि खाद्यगृहांमुळे संध्याकाळी बाहेरून येणाऱ्या गाड्यांची गर्दी होते, आणि घरी परतलेल्या माणसाला आपल्या दाराच्या तीन गल्ल्या पलीकडे गाडी ठेवून चालत यावं लागतं. घरात आजारी माणूस असेल, कुणाची मयत झाली असेल, तर हा छळच होतो.

यावर उपाय परवाना. घरपट्टीची पावती आणि त्याच पत्त्यावर नोंदलेली गाडी दाखवली की घराला एक परवाना, अगदी नाममात्र वार्षिक शुल्कात. दुसरी गाडी असेल तर परवाना महाग, तिसरीला नाही. भाडेकरूंना घरमालकाच्या संमतीनं. गल्लीत जितक्या जागा आहेत त्यापेक्षा परवाने जास्त देऊ नयेत, नाहीतर परवाना म्हणजे फक्त कागद. एक गोष्ट रहिवाशांनाही स्पष्ट सांगावी लागते आणि ती सांगताना माझं बरंच भांडण झालं आहे: परवान्यानं तुमच्या दारासमोरचा बारा-साडेबारा चौरस मीटर रस्ता तुमच्या नावावर होत नाही. गल्लीत कुठेही गाडी ठेवायची मुभा मिळते, एवढंच. दारासमोर कुंड्या, जुना टायर, रंगाचे डबे ठेवून जागा धरणारे आपल्यातलेच असतात. मी स्वतः पाच कुंड्या उचलल्या आहेत आणि एका मावशींकडून शिव्याही खाल्ल्या आहेत.

पुण्याचा धडा इथे उपयोगी पडतो. पुणे महापालिकेनं 2018 मध्ये पार्किंग धोरण आणलं, त्यात रहिवाशांकडून रात्रीचे पैसे घेण्याची कल्पनाही चर्चेत होती. ती लोकांच्या डोक्यात बसली आणि विरोध पेटला. शेवटी धोरण पाचच रस्त्यांपुरतं प्रयोग म्हणून पुढे सरकलं आणि तेही धडपणे झालं नाही. रात्री आठनंतर रहिवाशाकडून पैसे मागितले की बाकी कितीही शहाणपणाचं धोरण असो, लोक ऐकून घेत नाहीत. आणि बरोबरच आहे.

पैसे मागण्याआधी पालिकेनं स्वतःचं घर आवरावं, ही हरकतीतली तिसरी गोष्ट. रस्त्यावर महिनोन् महिने पडून असलेल्या भंगार गाड्या उचला. प्रत्येक बाजाररस्त्यावर चार-पाच तरी असतात, चाकांत हवा नसते, खाली मांजरीनं घर केलेलं असतं. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचे नंबर असलेल्या रेंट-अ-बाईक आणि रेंट-अ-कारचा ताफा रस्त्यावर रांगेत ठेवलेला असतो. ते पार्किंग नाही, गोदाम आहे, आणि त्यांच्याकडून व्यावसायिक दर घ्यायला हवा. आणि मोठी गोष्ट: बांधकाम परवाना घेताना नकाशात दाखवलेलं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये गाड्यांसाठी मोकळी सोडलेली जागा. तुमच्या रस्त्यावरच्या किती इमारतींखाली आज खरोखर गाड्या उभ्या आहेत ते मोजा. बंद शटर, दवाखाना, कपड्यांचं गोदाम. यांना नोटीस न देता रस्त्यावर शुल्क लावणं म्हणजे ज्यानं नियम पाळला त्याच्याकडून पैसे घेणं. (तुमच्या इमारतीचं स्टिल्टही एकदा बघून घ्या. हरकत वाचणारा अधिकारी पहिल्यांदा तेच बघणार आहे.)

आता व्यापाऱ्यांचा तो प्रश्न: "गाडी ठेवू कुठे?" पणजीत कदंब बसस्थानकाजवळ, पाट्टोवर, बहुमजली पार्किंग आहे. अशा इमारती भरत नाहीत, याचं कारण अंतर तर आहेच, पण त्याहून मोठं कारण दराची उलटी रचना. रस्त्यावर फुकट किंवा स्वस्त आणि इमारतीत महाग असेल तर कोण वर चढवेल गाडी? नियम उलटा हवा. रस्ता महाग आणि थोड्या वेळासाठी, इमारत किंवा बाजाराबाहेरचा मैदानाचा तुकडा स्वस्त आणि दिवसभरासाठी. दुकानाच्या मालकाला आणि कामगाराला महिन्याचा पास त्या मैदानाचा द्यावा, रस्त्याचा नव्हे. तिथून सात-आठ मिनिटं चालायची तयारी मात्र ठेवावी लागेल. जून-जुलैत छत्री घेऊन ही सात मिनिटं लांब वाटतात, हे मान्य. पण गिऱ्हाइकानं ती चालावीत आणि मालकानं गाडी दारात लावावी, असं म्हणता येणार नाही.

दुचाकींबद्दल थोडं. गोव्यात नोंदलेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या घरात पोचला आहे आणि त्यात दुचाकी बहुसंख्य. एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. तेव्हा दुचाकीला शुल्क लावू नका, लावलंच तर अगदी थोडं. त्यांना वेगळे पट्टे आखून द्या. पैशांपेक्षा शिस्तीचा प्रश्न आहे.

कायद्याचं एक टोक हातात ठेवा. गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 प्रमाणे राज्य सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. गोव्यात असे आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीनं निघतात. पालिकेच्या मंडळाचा ठराव पुरेसा नसतो. मुख्याधिकाऱ्यांकडे अधिसूचनेची प्रत मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकार कायद्याखाली मागा. कंत्राटाच्या अटींची प्रतही त्याच अर्जात मागून घ्या, त्यात जागांची संख्या आणि हद्द लिहिलेली असते. हद्दीबाहेर माणूस उभा राहिला की मग बोलायला कागद असतो. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात पार्किंगचं शुल्क त्या जागेच्या खऱ्या मोलाशी जोडावं असं म्हटलं आहे. पालिका तुमच्यासमोर हे वाक्य वाचेल. ते खरं आहे, त्याला विरोध करू नका. उलट विचारा, जागेचं मोल घेताय तर पदपथ कुठे आहे?

हरकत देण्याआधी ती मोजणी करा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस सोडून, चतुर्थीचा पंधरवडा आणि अष्टमीची फेरी म्हणजे जत्रेचे दिवस सोडून, एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार घ्या. एक माणूस मुख्य रस्त्यावर, एक मागच्या गल्लीत. दर अर्ध्या तासाला चार आकडे. शक्य झालं तर एक शनिवारही, कारण पर्यटकांच्या गाड्यांचं गणित त्या दिवशी वेगळं असतं. ज्या नंबरांसमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकमार्क लागेल, ते शेवटी मोजा आणि हरकतीला तो कागद जोडा. तुमची स्वतःची स्कूटर आणि कार त्या यादीत येणार. आली की खोडू नका.